शिक्केवाल्या साहेबांचे आतडे

तांता शहरातील आरोग्य विमा कचेरीचे शिक्काधारी अधिकारी उस्ताद बहगत यांचे पोट सलग सहा दिवस साफ झाले नाही, या बाबीची आम्ही कर्मचाऱ्यांनी गांभीर्याने नोंद घेतली. साहेबांचे पोट साफ झाल्याशिवाय कुठल्याही अर्जावर गरुडाचा सरकारी शिक्का उमटत नसे.

वसंताच्या सणाला खारवलेली मासळी जरा जास्त झाली, म्हणून साहेबांनी एकदा चमचाभर सोनामुखी घेतली होती. उपाय लागू पडला, आणि लागू पडलेला उपाय सोडतो कोण? मग रोज चमचा, मग दोन, मग सोबत गोळ्या आणि वर एरंडेल. चार वर्षांत आतड्याने आपले धोरण ठरवून टाकले: बाहेरून कुणी ढकलल्याशिवाय काहीही पुढे सरकवायचे नाही. हे वळण त्याने कुठून घेतले, हे सांगणे माझ्या शिस्तीत बसत नाही. मीही त्याच कचेरीत बसतो.

पाय गळायला लागले तेव्हा साहेब डॉक्टर इनायात यांच्याकडे गेले.

“उस्ताद, पोटॅशियम पार तळाला गेलंय. म्हणून छातीत धडधडतं. जुलाबाची औषधं बंद, आणि आजच भरती व्हा.”

“मग पोट साफ कसं व्हायचं?”

“आधी सलाइन, मग भाज्या, पाणी. आणि वाट बघायची.”

“वाट? मी बघायची?”

“लोक तुमच्या दारात बघतातच की! खाट एक वाजेपर्यंत राखून ठेवते. विम्याच्या अर्जावर शिक्का मारून आणा.”

स्वतःच्या अर्जावर स्वतः शिक्का मारू नये, असे परिपत्रक साहेबांनीच काढलेले होते. त्यामुळे शिक्का तासाभरापुरता माझ्याकडे आला आणि साहेब भिंत धरून खिडकीबाहेर उभे राहिले. बारा वाजून गेले होते.

“झाकी, मार रे लवकर. पाय थरथरतायत.”

मी अर्ज उलटसुलट केला. “उस्ताद, जन्मदाखल्याची प्रत नाही.”

“अरे, मी तुझ्यासमोर उभा आहे!”

“उभे आहात हो. जन्मल्याचा पुरावा नाही. उद्या या.”

देवाशपथ सांगतो, मला त्यांचा छळ करायचा नव्हता. माझा हातच उचलला जात नव्हता. शेवटी तोंडातून आपसूक निघाले, “वर्षानुवर्षं सुखात राहा, उस्ताद.” सणवार नसताना आमच्या खिडकीत ही शुभेच्छा मिळाली, की समोरच्याचा हात खिशाकडे जातो. ती द्यायला साहेबांनीच मला शिकवले होते. साहेबांचा हात खिशाकडे गेला. मग अर्जाखाली घडी घातलेली नोट सरकली आणि शिक्का बसला.

साहेब वाचले. आतडे अजून आळशीच आहे, पण हळूहळू आपले आपण काम करायला शिकेल, असे डॉक्टरबाई म्हणतात. माझ्या हाताला काही औषध आहे का, असे मी त्यांना विचारले.

“पहिला चमचा कुणी दिला होता?” त्या म्हणाल्या.

तुम्ही हसू नका. तुमचा अर्ज आला होता, तेव्हा मी काहीच मागितले नव्हते, नोट तुम्हीच सरकवली होती. घाई तुम्हालाच होती.