अण्णांचा दोनशे तेवीस

सोपानअण्णा आमच्या घरी पहिल्यांदा आले ते नमस्कार वगैरे न करता एकदम म्हणाले, "सर, आधी तुमचा गूळ दाखवा."

वडवणीत भाड्याच्या घरात सामान उतरवून आम्हाला दोनच दिवस झाले होते. मी इथल्या शाळेवर बदलून आलेला मास्तर. शेजारच्या खोलीत साठीपुढचा एक माणूस एकटाच राहतो, एवढंच आम्हाला ठाऊक. माझ्या बायकोनं, मीनलनं, त्यांच्यासाठी चहा ठेवला होता. ती गोंधळून गुळाचा डबा घेऊन बाहेर आली. अण्णांनी त्यातला पिवळाधमक खडा उचलला, दारातल्या उन्हात धरला आणि परत ठेवला.

"ताई, हा लई गोरा हाय. गोरा गूळ म्हंजे पावडर मारलेला. मला आपला निस्ता चहा द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागदात गुंडाळलेली गुळाची ढेप घेऊन दारात हजर. डांबराचा गोळा वाटावा असा रंग. म्हणाले, "दिसायला काळा हाय, पर इमानदार हाय."

अण्णा आष्टीकडच्या मेंढपाळाच्या घरातले. जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले. "मेंढरू बी हुंगल्याबिगर तोंड लावत न्हाई," ते म्हणायचे, "अन् माणूस बघा. रंग दिसला की सुटला."

खाण्याच्या पुड्यांवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे आकडे छापलेले असतात, ते अण्णांच्या बोलण्यात माणसांसारखे यायचे. "एकशे दोन लई चावट. पिवळा रंग घेऊन जिलबीत बसतो. अंगाला खाज सुटती, पर जीव घेत न्हाई. दोनशे तेवीस मातर वंगाळ." हे दोनशे तेवीस म्हणजे पदार्थ टिकावा म्हणून घालतात ती पावडर. ती पोटात गेली की अण्णांचा श्वास कोंडायचा. ते नाव घेताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, जणू तो गृहस्थ शेजारच्या बाकावर बसून ऐकतोय.

किराणा दुकानात ते भिंग घेऊन जात. बिस्किटाचा एक पुडा वाचायला दहा मिनिटं, आणि वाचून झाला की तो परत ठेवायचा. दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की पोराला गल्ल्यावर बसवून मागं गोदामात जायचा. आठवडी बाजारात लोक विचारत, "अण्णा, भेंडीत कितवा नंबर हाय?" अण्णा शांतपणे सांगत, "भेंडीत न्हाई. तुमच्या शेवेत हाय." लग्नाला गेले तरी खिशात स्वतःची भाकरी. वधूपिता नाराज, आचारी नाराज. अण्णा मात्र पंगतीच्या टोकाला बसून भाकरी मोडायचे आणि शेजाऱ्याच्या ताटाकडे, वाघाच्या पिंजऱ्याकडे बघावं तसं बघायचे.

मीही हसत असे. एकदा ते हसणं जागच्या जागी थांबलं. शर्ट धुवायला टाकण्याआधी अण्णा खिसा रिकामा करत होते. त्यातून दम्याचा पंप निघाला आणि चार घड्या घातलेला एक कागद. मी तो उलगडला. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'मी दारू प्यालेलो नाही. मला धाप लागली आहे. पंप तोंडात द्या व दवाखान्यात न्या.'

"हे कशाला, अण्णा?"

"एकदा स्टँडवर पडलो व्हतो. गाड्यावर सरबत पेलो व्हतो. लोकं म्हणली, पेलाय म्हातारा, पडू द्या. माझ्या अंगावरनं पाय टाकून गाडीत चढली." त्यांनी कागद पुन्हा घडी करून ठेवला. "मला समदं ऐकू येत व्हतं, सर. फकस्त बोलता येत न्हवतं."

त्या दिवशी मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर आतून मला अर्धं दुखणं मनाचंच वाटत होतं. एवढ्याशा पावडरीनं कुठं माणूस मरतो?

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. तिचं बारसं ठरलं तेव्हा मीनलनं अण्णांना वचन दिलं. "सगळं घरी करते. तुमचा गूळ, ताजी लिंबं. तुम्ही आमच्याकडे भाकरी आणायची नाही." अण्णा आले ते कडक इस्त्रीचा सदरा घालून. खिशात भाकरी नव्हती. मी मुद्दाम पाहिलं.

पाहुणे ठरल्यापेक्षा खूप जास्त झाले. लिंबाचं सरबत संपलं. मीनलचा भाऊ विजय धावत जाऊन दुकानातून तयार सरबताच्या दोन बाटल्या घेऊन आला आणि त्यानं त्या माझ्यादेखत पातेल्यात ओतल्या. मी तिथंच उभा होतो. तेवढ्यात कुणीतरी ट्रे फिरवला. अण्णांनी ग्लास उचलला आणि गर्दीतून माझ्याकडे पाहून विचारलं, "सर, घरचंच हाय न्हवं?"

एकीकडे पाहुणे हाका मारत होते, दुसरीकडे पाळण्याची दोरी सुटली होती. मनात आलं, एका ग्लासानं काय होतंय? उगाच आता सगळ्यांसमोर नंबर, भिंग, तमाशा.

"घरचंच," मी म्हणालो.

अण्णांनी एका दमात ग्लास संपवला.

पहिल्यांदा नुसता खोकला आला. मग खोकला थांबला आणि शिट्टी वाजल्यासारखा श्वास सुरू झाला. बायका पाळणा म्हणत होत्या, त्यांच्या आवाजातही मला ती शिट्टी ऐकू येत होती. अण्णा भिंतीला धरून खाली बसले. मी त्यांच्या खिशातला पंप काढून तोंडात दिला. एकदा, दोनदा, चारदा. काही फरक पडेना. ओठ जांभळे व्हायला लागले. बोलता येत नव्हतं, पण डोळे माझ्यावर होते आणि त्या डोळ्यांना सगळं कळत होतं. एवढं भ्यालेलं माणूस मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्याहून जास्त मी भ्यालो होतो.

विजयच्या गाडीत घालून आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की नखं रुतली. नर्सनं ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, वाफेचा मास्क चढवला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

मी घरी फोन करून मीनलला बाटली शोधायला सांगितली. ती मागची अक्षरं वाचत गेली आणि एका जागी अडखळली. "दोनशे तेवीस," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी तो आकडा डॉक्टरांना सांगितला. शेजारच्या खाटेवर मास्कच्या आत अण्णांचे डोळे उघडे होते.

"बरं झालं, वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खोटं बोलणाऱ्यालाच शाबासकी दिली, हे त्यांना काय ठाऊक?

दोन दिवसांनी अण्णा घरी आले. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, पण दारातच सगळं विसरलो. "अण्णा, मला माहीत होतं. मी खोटं बोललो," एवढंच निघालं.

अण्णांनी खाटेवर जागा केली. मग म्हणाले, "बसा."

मी बसलो.

"तुमाला खरं वाटलं न्हाई, व्हय ना? मलाबी कवाकवा वाटत न्हाई. पर पुन्यांदा असं करू नका, सर. न्हाई म्हणून सांगायचं. मला न्हाई ऐकायची सवय हाय." आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना.

"तुम्ही पुण्याला मुलाकडे का राहत नाही?" मी विचारलं. मुलगा पुण्याला असतो आणि सुनेनं त्यांना बाहेर काढलं असं गल्लीत बोललं जायचं, आणि मीही ते खरं धरलं होतं.

"सून लई चांगली हाय. माझ्यासाठी समदं येगळं रांधायची. मीच निघालो." अण्णा खिडकीबाहेर पाहू लागले. "गौरी हाय ना, माझी नात. सहा वर्साची. माझं बघून बघून तिनं शाळंतला डबा खायचा सोडला. घास उचलायची अन् इचारायची, 'आजोबा, ह्यानं मी मरंन का?' डॉक्टर म्हणले, पोरीला काय झालं न्हाई. तिला फकस्त माझी भीती लागलीय. मंग मी इथं आलो. तिला सांगितलं, मला गावची हवा मानवती."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून लहान मुलीचा आवाज, इतका मोठा की मलाही ऐकू येत होता. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. निळा केक होता, आजोबा! वर गुलाबी फुलं, चमचमणाऱ्या गोळ्या, आणि तिनं दोन तुकडे खाल्ले!

अण्णांच्या कपाळावर घाम आला.

"दोन?" ते हसून म्हणाले. "दोनच का गं? अन् ते गुलाबी फूल कुणी खाल्लं? सांग ना, कसं लागलं?"