घोड्याला वहिनी म्हणू नये

चीनमधल्या छंगतू शहरातल्या एका छोट्या स्टुडिओत, मालिका लागायला आठवडा उरला असताना, संकलक चू यान्मेई एका पांघरुणाशी झगडत होती. पांघरूण संगणकावर काढलेले होते. मूळ कादंबरीत दोन तलवारबाज पुरुष एकमेकांवर जीव टाकतात. मालिकेत नियमांमुळे त्यांनी तसे काही करायचे नव्हते, फक्त तसे भासावे, अशी मालक पेंग यांची इच्छा होती. कादंबरीचे वाचक गमावून चालणार नव्हते. पण मरणशय्येवर एकाने दुसऱ्याचा हात धरला होता. तो हात झाकला की काम झाले, असे यान्मेईला वाटले.

मंजुरी देण्याआधी परीक्षण करणारे तान काका दृश्य पाहू लागले आणि त्यांच्या हातातली सूर्यफुलाची बी दातांपर्यंत पोचलीच नाही.

"पांघरुणाखाली काय चाललंय?"

"काही नाही, काका. हात आहेत."

"मग झाकले कशाला? उघडे होते तेव्हा मला एवढा संशय नव्हता!"

पांघरूण निघाले. मग काकांना दोघांची नजरानजर खटकली, म्हणून यान्मेईने दोघांच्या मधून एक बगळा उडवला. बगळा इतक्या वेळा उडू लागला, की त्याचे कथेत नक्की काम काय, असे काकांनी लेखी विचारले.

"मालिका अडली तर स्टुडिओला टाळं," पेंग म्हणाले. "तो दुसरा माणूसच काढून टाक."

"मग नायक बोलणार कुणाशी, सर? सेट मोडलाय. नट दुसऱ्या मालिकेत बादशहा झालाय."

"त्याच्या जागी काहीतरी ठेव. ज्याच्यावर प्रेम केलेलं चालतं असं."

यान्मेईने परीक्षणाचे नियम पुन्हा वाचले. पुरुष चालत नव्हता, दुसऱ्याची बायको चालत नव्हती, भूत तर मुळीच नाही. घोड्याबद्दल मात्र चकार शब्द नव्हता. तिने त्या दुसऱ्या माणसाच्या जागी संगणकावर घोडा काढला.

नायक घोड्याला चमच्याने पेज भरवू लागला. आयाळीत अडकलेले पान अलगद काढू लागला. तळ्याकाठी तो म्हणाला, "पुढच्या जन्मीही तुलाच शोधेन," आणि घोड्याने शेपटी हलवली. काकांनी लगेच मंजुरी दिली. "मुक्या प्राण्यांवर दया! छान संस्कार आहेत."

मालिका इंटरनेटवर लागली त्या संध्याकाळी पडद्यावरून प्रेक्षकांनी टाइप केलेले शेरे एवढे धावले, की खाली घोडा दिसेना. 'वहिनी आल्या!' 'वहिनी, नवं खोगीर शोभतंय हं!' कादंबरी सगळ्यांनीच वाचली होती. आठवड्यात वरून सूचना आली: घोड्याला वहिनी म्हणू नये. तो शब्द अडवला गेला.

"आता सूनबाई म्हणतायत," पेंगनी कपाळाला हात लावला.

तान काका तावातावाने आले. "शेवटच्या भागात घोड्याचं लग्न लावा. घोडीशी! त्याशिवाय भाग सुटणार नाही, सांगून ठेवतो."

"लग्नात नायक काय करतो, काका?"

"टाळ्या वाजवतो. आणखी काय करणार?"

यान्मेईने सगळे चित्रीकरण चाळले. टाळ्या तर सोडाच, नायकाचे साधे हसूही शिल्लक नव्हते. उरले होते ते फक्त मरणशय्येजवळचे रडणे. तिने तेच लावले.

लाल कंदील लागले, सनई वाजली, माथ्यावर रेशमी फूल बांधलेली घोडी ठुमकत आली. कोपऱ्यात नायक ओंजळीत तोंड लपवून हुंदके देत राहिला. घोड्याने एकदा मान वळवून त्याच्याकडे पाहिले. पडदा काळा झाला.

पेंग श्वास रोखून उभे होते. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला.

"मंजूर," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि थबकले. "पण अन्याय झाला रे, पेंग. लावायचंच होतं तर घोड्याचं त्या रडणाऱ्या पोराशीच लावायला हवं होतं लग्न."

काकांनी बाहेर डोकावून बोळाच्या दोन्ही टोकांना पाहिले. "हे मी बोललो नाही," असे बजावून त्यांनी दार हळूच ओढून घेतले.