रस्त्यावरची पंगत

अप्पांनी मला फसवलं. देवासच्या मंडीत कांद्याच्या एकाही व्यापाऱ्याला जे जमलं नाही, ते या माणसानं खिडकीत बसून, माझ्या डोळ्यांदेखत केलं.

अप्पा आमच्या मराठी मंडळाचे कायमचे वाढपी. हे पद त्यांना कोणी दिलं नव्हतं. गणपतीत पंगत बसली की धोतर खोचून, वरणाचं भांडं घेऊन हजर. "सावकाश होऊ द्या," म्हणत पानात इतकं वाढायचे, की सावकाश होण्यावाचून इलाज नसायचा. पंगतीतून कोणी मधेच उठलेलं त्यांना खपत नसे. एकदा एका डॉक्टरांना फोन आला. ते उठू लागताच अप्पांनी खांदा दाबून खाली बसवलं. "शेवटचा माणूस जेवतोय अजून. पेशंट थांबेल." पेशंटचं काय झालं माहीत नाही, डॉक्टर मात्र थांबले.

मग लॉकडाऊन लागला. सभागृहाला कुलूप, आणि गावात एकटी म्हातारी माणसं बरीच. मुलं पुण्याला, बंगलोरला. मंडळानं ठरवलं, पंगत बंद, डबे सुरू. भाजी मी आणायची, कारण भाव पाडावा तर मीच. पोचवायचं काम अप्पांकडे. नियम एकच: डबा कडीला अडकवायचा, घंटी वाजवायची, निघायचं.

अप्पा भडकले. "कडीला अडकवून निघायचं? आपण काय दूधवाले आहोत?"

त्यांनी घडीचं स्टूल घेतलं. शेवटच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे ते टाकून स्वतःचा डबा उघडायचे. तिकडे म्हातारी खिडकीत जेवतेय, इकडून हे ओरडून पोळीचा आग्रह करताहेत. एका शिपायानं दंडा आपटला, तर त्यालाच इंदुरी थाटात विचारलं, "भिया, तुमने खाया?" तो भाजी-पोळी घेऊन गेला.

मी पुष्कळ भांडलो. वेळ जातो म्हटलं, आजार लागेल म्हटलं. अप्पांचं उत्तर ठरलेलं. "माणूस एकटा जेवला की अर्धपोटी उठतो. तुला नाही कळायचं शेठ, तू उभ्यानं खाणारा."

खरंच होतं ते. गरिबीतून वर आलो, बसून जेवायला फुरसत कधी मिळाली नाही. त्यात बायको आणि मुलगी मनावर गावी, माहेरी अडकलेल्या. दिवसभर दुकानात फुटाण्यांवर भागायचं.

दुसऱ्या लाटेत पुन्हा सगळं बंद, बायको-मुलगी पुन्हा माहेरीच, आणि अप्पांनाच ताप आला. खोलीच्या दाराला पट्टी लागली. डबा मी नेऊ लागलो. कडीला अडकवून वळलो, तर खिडकीतून खोकत म्हणाले, "स्टूल जिन्याखाली आहे. तुझा डबा कुठंय?"

आजारी माणसाशी काय भांडणार? दुसऱ्या दिवसापासून माझाही डबा नेला. मी रस्त्यावर, ते खिडकीत. त्यांचा हात डब्यातून तोंडाकडे जायचा, मान हलायची. मी थांबलो की ते बोटानं खूण करायचे, हं, चालू दे. मला वाटलं, जेवतोय म्हणजे सुधारतोय. फोनवर बायकोलाही तसंच सांगितलं.

एका सकाळी त्यांना इंदूरला नेलं. परत आले नाहीत. शेवटचं पोचवायला मंडळातल्या कोणालाच जाऊ दिलं नाही.

स्टूल आणायला गेलो, तर मागच्या घरातल्या कुसुमताई अंगणातून म्हणाल्या, "शेठ, आमची गाय अजून अप्पांच्या मागच्या खिडकीखाली उभी राहते हो."

"कशाला?"

"डब्यासाठी. अप्पांना घास कुठं गिळवत होता? सगळा डबा तिलाच."

मी म्हटलं, मी समोर बसायचो, मी पाहिलंय जेवताना.

"रिकामा हात होता तो. मी म्हटलं त्यांना, सांगून टाका. तर म्हणाले, मी हात थांबवला की तो उठेल. दिवसभरात तेवढंच बसून जेवतो."

आधी सांगितलं असतं तर मी इंदूर पालथं घातलं असतं, बेडसाठी कोणाच्याही दारात ठाण मांडलं असतं. आयुष्यभर मी समोरच्याच्या हाताकडे बघून सौदा केला. एवढा एक हात मला ओळखता आला नाही.

आता सभागृह उघडलंय, पंगती पुन्हा बसतात. आता मी बसून जेवतो. वरणाचं भांडं दुसऱ्याच कोणाच्या हातात असतं, आणि लोक वाटेल तेव्हा उठतात. त्यांना मी काही बोलत नाही. मला एकाच माणसाकडून जवाब हवा आहे. अप्पा, शेवटचा माणूस अजून जेवत होता. तुम्ही मधेच उठलात कसे?