साहेब उठत नाहीत

साहेबांचं पोट उघडं पडलं होतं आणि गजभिये बाबू आत खोडरबर चालवत होते. मी दारात उभी. हातातलं लाटणं हातातच राहिलं.

त्याआधी काय झालं ते सांगते. आमची आणि त्यांची भिंत एकच. जरीपटक्याच्या मागच्या आमच्या वस्तीत घरं अशीच आहेत, शेजारी शिंकला की आपण नाक पुसायचं. बाबू नुकतेच राहायला आले होते. मी पोळ्या लाटत होते आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "साहेब, उठा. साहेब, असं नका करू. नाडी तर लागून राहिली... अरे, गेले! साहेब गेले!" मला वाटलं, माणूस मेला. धावले. मेलेल्या माणसाला लाटण्याचा काय उपयोग, ते मलाही माहीत नाही.

तर साहेब म्हणजे कॉम्प्युटर. जुना, पिवळा पडलेला, टीव्हीसारख्या मोठ्या डोक्याचा. गजभिये बाबू एका कचेरीत आधी चपराशी होते, मग बढती मिळून बाबू झाले. हा कॉम्प्युटर तिथल्या मोठ्या साहेबांच्या खोलीतला. यांना त्याच्यावरची फक्त धूळ पुसायची परवानगी होती. पुढे कचेरीनं जुना माल भंगारात काढला, तेव्हा बाबू त्याला रिक्षात मांडीवर घेऊन घरी आले. पण धाक गेला नाही. आजही त्याला 'साहेब'च म्हणतात, आणि अहो-जाहो करतात.

"वैनी, चप्पल काढू नका," त्या पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले. "साहेबांजवळ रबराची चप्पल घालूनच यायचं. नाई तर झटका देतात."

मी चौथी पास बाई. कळमन्याच्या बाजारात तीस वर्षं मिरचीचे देठ तोडले. अडत्यांशी भांडले, हमालांशी भांडले. कशानं सहसा दचकत नाही. पण या माणसानं मला चार वर्षांत इतक्या वेळा दचकवलं की आता बी.पी.ची गोळी लागली आहे.

मे महिन्यात एकदा दुपारी गेले. बाहेर अंगार. कूलरचं तोंड साहेबांकडे केलेलं आणि बाबू कोपऱ्यात डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसलेले.

"भाऊजी, तुम्ही मरान न!"

"माहं काय वो, वैनी. मले पेन्शन हाय. साहेबांचं डोकं तापलं तर?"

थंडीत साहेबांवर शाल. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, बाबू खोडरबर ठेवतात. त्याचं कारण साहेबांचा आजार. साहेब सरळ सुरू होत नाहीत. बटण दाबलं की आतून ओरडतात, "पीऽऽप. पिप, पिप, पिप." एक लांब, तीन आखूड. बाबू लगेच डोळे मिटून डॉक्टरसारखी मान हलवतात. "याददाश्त सैल झाली." मग आतली एक हिरवी पट्टी उपसायची, तिचं पिवळं टोक खोडरबरानं घासायचं, फुंकर मारायची आणि पुन्हा खाचेत बसवायची. यंत्राला खोडरबर लावतात, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, याचंच डोकं सैल झालं. पण पट्टी बसवली आणि साहेब बोलायला लागले!

फक्त एक अडचण होती. बाबू म्हणत, खाच जुनी आहे, सुरू करताना पट्टी कोणीतरी आतून दाबून धरली पाहिजे. बटण पुढे, पट्टी मागे, त्यांचा हात पुरत नाही. बाबूंचे हात गुडघ्याला टेकतील एवढे लांब आहेत. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

तर रोज सकाळी दहाला हाक यायची, "वैनी, या वो! साहेब उठून नाई राहिले!"

मी जायची. साहेबांच्या पोटात अंगठा घालून उभी राहायची. ते बटण दाबायचे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळायची, बाबू म्हणायचे, "धीर धरा, साहेब विचार करून राहिले," आणि मग साहेब उठल्याचं ते छोटं गाणं वाजायचं. एकदा मी आजारी होते तर सुनेला पाठवलं. साहेब पीऽऽप करून बसले. बाबूंनी भिंतीतूनच ओरडून मला कळवलं, "वैनी, अंगठा तुमचाच लागते!"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आमच्या वस्तीत माझ्या वयाच्या बायका अंगठा उठवतात. मी सही करते, आयुष्यात कुठल्या कागदावर अंगठा दिला नाही. पण या अंगठ्याची गोष्ट मी बचत गटात दोनदा सांगितली.

आणि एवढा खटाटोप करून हा माणूस त्यावर काय करतो? पत्ते खेळतो. एकटाच. मी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मग म्हटलं, "भाऊजी, लाल दश्शीवर काळी नश्शी ठेवा न, दिसून नाही राहिली का?" तेव्हापासून रोज अकरापर्यंत तिथेच. चहा ते करतात, साखर जास्त घालतात.

बाबूंची बायको पुण्याला मुलीकडे गेली ती नातू सांभाळायला, सहा महिन्यांसाठी. नातू आता दुसरीत आहे. बाबूंनाही बोलावतात. बाबू म्हणतात, "साहेबांले कोण पाहीन?"

मागच्या महिन्यात मुलीचा फोन आला. ती फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलते की तिलाही भिंत अडवत नाही. "बाबा, मी रविवारी येते. नवीन लॅपटॉप आणते. ते खोकं माझ्यासमोर एका बटणात सुरू झालं तर राहू दे. नाही झालं तर भंगारवाल्याला देऊन टाकायचं. रोज त्या मावशींना त्रास!"

बाबूंचं तोंड उतरलं. त्या आठवड्यात त्यांनी एक अख्खं खोडरबर संपवलं.

शनिवारी माझा गुडघा धरला. रोज नऊला मी विहारात वंदनेला जाते, त्या दिवशी गेले नाही. घरातच भाजी निवडत बसले होते. भिंतीपलीकडून एक आवाज आला. एकच, आखूड. पिप. आणि पाठोपाठ ते गाणं!

माझ्या हातातली मेथी खाली पडली. तिथे कोण आहे? कोणाचा अंगठा?

मग बाबूंचा आवाज. अगदी हळू, पण आमची भिंत ती. "शाबास, साहेब. तब्येत एकदम टकाटक. आता झोपा. दहा वाजता थोडं बिमार पडा, वैनी येतात."

चार वर्षं! रोज नऊ वाजता मी विहारात, आणि इकडे हा माणूस एकट्यानं साहेबांना उठवून, तपासून, झोपवून ठेवतो. आणि दहाला मी जाऊन त्यात अंगठा घालते. सुनेला पाठवलं त्या दिवशी यानंच पट्टी सैल ठेवली असणार. आणि मी बचत गटात दोनदा सांगितलं!

दहाला हाक आली. मी गेले. अंगठा आत घातला, पण पट्टीला लावलाच नाही. बोटभर वर, हवेत धरला. बाबूंनी बटण दाबलं. गाणं वाजलं.

"पाहा वैनी! तुमच्या अंगठ्याची करामत!"

मी अंगठा पदराला पुसला. पत्ते न खेळता घरी आले आणि ठरवलं, उद्या लेकीसमोर याला उघडा पाडायचा.

रविवारी मुलगी आली. मी जाऊन दारातच उभी राहिले, रबराची चप्पल घालून. मुलीनं लॅपटॉप पिशवीतून काढून पलंगावर ठेवला होता.

"हं बाबा, करा सुरू. एकट्यानं. मावशींनी हात लावायचा नाही."

मला ठाऊक होतं, साहेब उठणार. बाबूंनाही ठाऊक होतं. एक बटण, आणि साहेब वाचतात. मला काही सांगायचीही गरज नव्हती, आपोआपच सगळं उघडं पडणार होतं.

बाबूंचं बोट बटणावर गेलं. तिथेच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं. आणि बोट मागे घेतलं.

"नाई होत वं, पोरी," ते म्हणाले. "मले एकट्यानं नाई होत."

मी हादरले. ज्या साहेबांसाठी हा माणूस मे महिन्यात उन्हानं शिजला, त्यांना तो माझ्या डोळ्यांदेखत भंगारात देत होता. बटण दाबलं असतं तर साहेब राहिले असते. पण मग चार वर्षं दहाला मला मारलेल्या हाका माझ्यासमोर खोट्या पडल्या असत्या.

मुलगी म्हणाली, "झालं तर मग. भंगारवाल्याला फोन करते."

"सरक वं," मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही नाही..."

"सरक म्हटलं न." मी साहेबांच्या पोटात अंगठा घातला. "दाबा, भाऊजी."

बाबूंनी दाबलं. गाणं वाजलं. मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा पडद्याकडे पाहत राहिली. "हे काय दोन माणसांचं मशीन आहे?"

"तुही माय परत येत नाही तोपर्यंत दोन माणसांचंच राहीन," मी म्हटलं.

तिनं लॅपटॉप पिशवीत परत घातला.

निघताना मी बाबूंना दारात गाठलं. "भाऊजी, आपली भिंत लय पातळ हाय. नऊ वाजता जरा हळू बोलत जा."

बाबूंचा चेहरा पांढरा झाला. हात खिशातल्या खोडरबरावर गेला आणि तिथेच राहिला.

सोमवारी दहा वाजले. हाक आली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी एकच वांगं चिरत बसले होते, त्याची चटणी व्हायची वेळ आली. सव्वादहा झाले तेव्हा मी लाटणं उचललं आणि भिंतीवर आपटलं.

"भाऊजी! साहेब उठले का नाही?"

पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला, मग साहेबांच्या पोटाचा पत्रा उघडल्याचा, आणि मग,

"पीऽऽप. पिप, पिप, पिप."

मी रबराची चप्पल शोधायला लागले.