परातेजींच्या उंदरांचा दमा

परातेजींकडे टेलिफोन नव्हता. आमच्या साऱ्या गल्लीतच नव्हता. तरीही रोज सकाळी सातला परातेजी अंगणात उभे राहत, उजव्या कानाला काहीतरी लावत, डोळे मिटत आणि दुसऱ्या हाताने आम्हाला गप्प राहायची खूण करत. कानाशी पांढरा उंदीर असे. जिवंत! तोही बेटा शेपूट त्यांच्या मानेवर टाकून निमूट बसे.

"राणीची छाती साफ आहे," ते जाहीर करत. "सोन्याची मात्र आज वाजून राहिली. कोनं घातली सकायपासून फोडनी?"

फोडणी घातलेली बाई हातातली पळी तशीच धरून आत पळे.

सत्तरनंतर केव्हातरी माझी बदली नागपूरला झाली. सदर भागातल्या कचेरीत फायली उपसायच्या आणि चार बिऱ्हाडांच्या त्या कौलारू घरात राहायचं, एवढंच माझं जग. परातेजी शेजारच्या खोलीत. ते एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. परीक्षा संपल्यावर उरलेले उंदीर मारून टाकायचे असत, ते परातेजी टोपलीत घालून घरी आणत. उंदीर शिंकतच आले होते, आणि परातेजींनी त्यांच्या नाकांची जबाबदारी जन्माची म्हणून घेतली होती.

"पयले नाक, मंग पोट!" हे त्यांचं ब्रीद. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा चालायचा नाही, कारण त्याचा वास "नाकाले चावते". अंथरूण जुन्या धोतराचं, धुऊन उन्हात वाळवलेलं. तेही दिवसातून दोनदा बदलायचं, कारण मुताच्या वासाने छाती भरते. उदबत्ती, विडी, तोंडाला लावायची पावडर सगळं अंगणातून हद्दपार. शेगडी पेटवायची ती फाटकाबाहेर, आणि धूर पुरता गेल्यावरच आत आणायची. एकदा तर माझ्या घरात शिरून त्यांनी कूलरच्या वाळ्याच्या तट्टीत नाक खुपसलं.

"बुरशी आली साहेब. तुमचं नाक मेलं का?"

मी रागावलो. मग तट्टी सोडवून पाहिली, तर मागून खरोखरच काळी पडली होती. त्या दिवसापासून मी या माणसाला वेडा म्हणताना आवाज जरा खाली ठेवू लागलो.

एकदा राणीच्या डोळ्यांतून तांबडं पाणी येताना पाहून माझ्या बायकोने किंकाळी फोडली. परातेजी हसले. "रक्त नाही वहिनी. उंदराचे आसू लालच राहतेत. दम लागला का डोये असे भरून येतेत." आणि ओल्या चिंधीने त्यांनी ते डोळे इतक्या हलक्या हाताने पुसले, की बायको तिथेच बसून बघत राहिली.

पलीकडच्या निखारेबाई महिन्यातून एकदा सावजी मसाला भाजत. तो वास काय वर्णावा! त्या दिवशी परातेजी सायकलच्या हँडलला उंदरांची टोपली अडकवत, मागे कॅरिअरवर परातेवहिनींना बसवत आणि तलावाकाठी हवा खायला निघत. "उंदरांच्या पुण्याईने बायकोची सहल होते," असं आम्ही म्हणायचो आणि पोट धरून हसायचो.

एका मे महिन्यात मी दुपारीच घरी आलो. परातेजींच्या खोलीतून शिट्टीसारखी घरघर ऐकू येत होती. राणी गेली बहुतेक, असं वाटून मी पडदा सारला. राणी पिंजऱ्यात गाढ झोपली होती. खाटेवर परातेवहिनी पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून श्वास ओढत होत्या. परातेजींनी त्यांच्या पाठीला कान लावला होता, डोळे मिटून. मी दारातच खिळलो. अर्ध्या तासाने श्वास उतरला, तेव्हा ते मला बाहेर घेऊन आले.

"हिले दमा आहे. माहेरी मागावर वाढली, सुताचा फुफाटा छातीत बसला. आधी इतवारीत राहत होतो, तिथं लोकं म्हनत, टीबी आहे. डॉक्टरचा कागद दाखवला, कोनी वाचलाच नाही. नळावर घागर लावू देत नव्हते. मालकानं आठ दिसांत घर खाली करवलं." मग म्हणाले, "मानसाच्या खोकल्याले लोकं भेतेत, साहेब. उंदराच्या खोकल्याले हासतेत. हासनारा मानूस घर खाली करा म्हनत नाही."

"म्हणजे उंदरांचा दमा खोटा?"

"खोटा काहून? त्यायलेही दमाच आहे. हवेत काय चावते, हे त्यायच्यापासूनच तर शिकलो."

दोन वर्षं साऱ्या अंगणाचं हसू या माणसाने एकट्याने अंगावर घेतलं होतं. मला माझीच लाज वाटली.

पांढऱ्या उंदरांचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. सोन्या आधीच गेला होता, जूनच्या सुरुवातीला राणीही गेली. कॉलेज बंद, म्हणजे जुलैपर्यंत नवे उंदीर मिळायचे नव्हते. परातेजींनी पिंजरा धोतराने झाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही. मी तेवढा ओळखून होतो.

त्याच आठवड्यात पावसाआधी कौलं बघायला घरमालक आले. परातेजींच्या दारात उभे राहून छपराकडे बोट दाखवत असतानाच पडद्याआडून ती शिट्टी सुरू झाली. वहिनींनी तोंडात पदर कोंबला असावा, कारण आवाज दबला आणि पुन्हा उसळला.

"हे काय वाजून राहिलं जी?" मालकांनी विचारलं.

परातेजींनी झाकलेल्या पिंजऱ्याकडे पाहिलं. मी जन्मात कधी सफाईने खोटं बोललो नव्हतो.

"राणी," मी म्हणालो. "यांची उंदरीण. दमा आहे तिला. उन्हाळ्यात फार वाढतो. आता तर मलाही झोप लागत नाही तिच्या काळजीने."

मालकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग झाकलेल्या पिंजऱ्याकडे. आणि ते इतके हसले, की त्यांना भिंत धरावी लागली. "उंदराले दमा! आन् आता तुमीबी लागले का यायच्या नादी?" डोळे पुसत, मान हलवत ते फाटकाबाहेर गेले.

परातेजी उंबऱ्यावर बसले. मी शेजारी बसलो. फाटकाची कडी वाजल्यावर पडदा हलला. परातेवहिनी भिंतीच्या आधाराने बाहेर आल्या, आमच्या मागे टेकून बसल्या, आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच, तोंडावर पदर न धरता, पोटभर खोकल्या.