विकल्याचा लाल ठिपका

"महिन्याभरात संग्राहक आपल्या दारात रांग लावून उभे राहतील, बघच तू!"

मास्तरांनी हे जाहीर केलं तेव्हा बायको धुतलेल्या टॉवेलांची चळत घेऊन घरभर फिरत होती. टॉवेल ठेवायला जागा नव्हती! कपाटावर चित्रं, पलंगाखाली चित्रं, फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीतसुद्धा दोन उभी निसर्गचित्रं. मास्तर सकाळी शाळेत चित्रकला शिकवत आणि उरलेला सगळा वेळ चित्रं काढत. नुसती काढत. आजवर एकही विकलं गेलं नव्हतं.

"रांग लागली तर लागली," बायको म्हणाली, "आधी टॉवेलांची सोय करा."

मास्तरांच्या अंगात हे बळ आलं होतं एका ऑनलाइन वर्गातून. सोशल मीडियावरून संग्राहकांपर्यंत कसं पोहोचावं, हे तिथे एक तरुण हातवारे करून शिकवत असे. रोज पोस्ट टाका, काम करतानाचे व्हिडिओ टाका, लोकांना तुमच्या स्टुडिओत डोकावू द्या! मास्तरांनी सगळं इमानेइतबारे केलं. बेसिनमध्ये ब्रश धुतानाचा त्यांचा व्हिडिओ तर बराच गाजला. खाली सगळ्यांनी एकच विचारलं होतं, की बेसिन इतकं स्वच्छ कशाने निघतं.

संग्राहक काही फिरकला नाही. मग मास्तरांना त्या तरुणाचं शेवटचं वाक्य आठवलं, 'मागणी दिसली की मागणी वाढते.' आणि इथेच त्यांचं डोकं नको तितकं चाललं.

प्रदर्शनात चित्र विकलं गेलं की त्याच्याजवळ लाल ठिपका चिकटवतात. दुसऱ्यांच्या चित्रांजवळचे असे ठिपके बघून मास्तर वर्षानुवर्षं मनातल्या मनात कुढत आले होते. त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून लाल गोल स्टिकरचं पाकीट आणलं. खरं तर एकाच फ्रेमला ठिपका लावायचा होता. पण तेवढ्याने ते चित्र असं काही रुबाबदार दिसायला लागलं, की शेजारचं अगदीच पोरकं वाटायला लागलं! मग त्यालाही लावला. मग त्याच्या शेजारच्याला. दुपारपर्यंत सगळं घर विकलं गेलं होतं.

फक्त एक चित्र सुटलं. इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्या डुलकी लागलेल्या बायकोचं. मास्तरांनी ते तिला वाढदिवसाला दिलं होतं आणि तिने ते स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलं होतं. ते तिचं होतं, त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

मास्तरांनी ठिपक्यांसकट सगळे फोटो टाकले. वर लिहिलं, 'सर्व चित्रे विकली गेली. रसिकांचे आभार!' ही नुसती युक्ती आहे, हे बायको संध्याकाळी आली की सांगायचं होतं. पण ती विम्याच्या ऑफिसातून आली तीच धावत. हातात केकचा रिकामा खोका!

"अहो! सगळी? सगळीच्या सगळी? मी अख्ख्या ऑफिसला केक वाटला! साहेब म्हणाले, अहो, तुम्ही कधी बोलला नाहीत. मी म्हटलं, मला पहिल्यापासून खात्री होती!"

तिचे डोळे भरून आले होते. मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"न्यायला कधी येणार लोक?" तिने विचारलं.

"उद्या," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

आता उद्या चित्रं घरातून जायला हवीत! मास्तरांनी मेहुण्याला गाठलं. बायकोचा हा धाकटा भाऊ बाथरूमच्या टाइल्स विकत असे आणि त्याच्याकडे टेम्पो होता. ती ऑफिसला गेल्यावर तो आला आणि सगळी चित्रं भरून घेतली.

"पण ठेवू कुठे, दाजी?"

"गोदामात कुठेही टाक. ताईला कळता कामा नये. आणि काही झालं तरी इथे परत आणू नकोस!"

"काळजीच सोडा!" मेहुणा म्हणाला. एरवी हे वाक्य ऐकलं की मास्तरांना काळजी लागायची, पण त्या दिवशी ते घाईत होते.

पुढचे काही आठवडे मास्तर घरात चोरासारखे वावरले. बायको रिकाम्या कपाटावर टॉवेल रचताना गुणगुणायची. तिने पैशांचं विचारलं की मास्तर 'येतील हळूहळू' म्हणायचे. आलागेला अभिनंदन करायचा. मास्तर मान खाली घालून "असू दे, असू दे," म्हणायचे आणि लोकांना तो विनय वाटायचा!

आणि एक दिवस खरोखरच संदेश आला. 'मी चित्रं जमवते. तुम्हाला भेटायला येऊ का?'

जाड चष्म्याच्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई रविवारी दारात उभ्या राहिल्या. त्यांनी रिकाम्या भिंतींवरून नजर फिरवली आणि सुस्कारा सोडला.

"उशीर केला मी. वर्षभर तुमच्यावर लक्ष ठेवून होते."

"माझ्यावर?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"माझा छंद जरा वेगळा आहे. मी चित्रकाराचं पहिलं विकलं जाणारं चित्र घेते. फक्त पहिलं. तुमच्या चित्रासाठी तर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. म्हटलं, यांचं कुठे काही विकलं जातंय, सावकाश जाऊ! आणि बघते तर जिकडे तिकडे ठिपके! माझ्याआधी कोणी गाठलं तुम्हाला, एवढंच विचारायला आले."

"अहो, एका दिवसात सगळी गेली!" बायको पाण्याचा ट्रे घेऊन येता येता अभिमानाने म्हणाली. "घर ओकंबोकं करून गेली!"

खरं बोलावं, तर आयुष्यातली पहिली विक्री समोरच्या खुर्चीवर बसली होती. पण शेजारी बायको उभी होती.

"पाणी घ्या ना," ते म्हणाले. बाईंनी घेतलं. "अजून घ्या," मास्तर म्हणाले.

"नको, निघते मी," म्हणत बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या.

"एकही विकलं गेलेलं नाही!" मास्तर ओरडलेच. "ठिपके मीच लावले! चित्रं हिच्या भावाच्या गोदामात आहेत!"

बायकोने हातातला ट्रे हळूच खाली ठेवला.

"म्हणजे तो केक..." ती एवढंच म्हणाली.

मास्तरांना तिच्याकडे बघवेना. बाई मात्र खुशीत परत येऊन बसल्या. "मग मागवा की चित्रं!"

मास्तरांनी घाईघाईने मेहुण्याला फोन लावला, तो नेमका स्पीकरवर लागला.

"अरे, टेम्पोत घाल ती चित्रं आणि ये!"

"कुठली चित्रं, दाजी? संपली की!"

"संपली?"

"स्कीम काढली ना मी! पूर्ण बाथरूमच्या टाइल्सवर एक चित्र मोफत! तुम्हीच म्हणालात, परत आणू नकोस. गिऱ्हाईक खूश आहे, दाजी! लाल ठिपका बघून एक जण म्हणाला, माल तपासून पास झालेला दिसतोय!"

मास्तरांनी फोन बंद केला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

"मोफत म्हणजे काही विक्री नव्हे," बाई विचार करत म्हणाल्या. "म्हणजे पहिली विक्री अजून बाकीच आहे. घरात एखादं राहिलंय का?" त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. त्या उठल्या, चष्मा सारखा करून बराच वेळ बघत राहिल्या. "हे. हे तर फारच सुंदर आहे."

"घ्या! हे घ्या!" मास्तर म्हणाले.

म्हणाले आणि मग आपणच काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. बायको त्यांच्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं.

ती टेबलाकडे गेली. खणातून तिने स्टिकरचं पाकीट काढलं, एक ठिपका सोलला आणि स्वतःच्या चित्राच्या फ्रेमवर दाबून बसवला.

"हे विकलं गेलंय," ती बाईंना म्हणाली. "आमच्या ऑफिसात विचारा कोणालाही."

बाई किंचित हसल्या. "खिळा मी काढत नाही," त्या म्हणाल्या, पण तेही मास्तरांना नाही, बायकोला. आणि गेल्या.

"चुकलं माझं," मास्तर पुटपुटले. त्यांना खरोखर रडू येत होतं. "उद्या तुझ्या ऑफिसात येऊन सगळ्यांना खरं सांगतो."

"केक घेऊन या," बायको म्हणाली आणि धुतलेल्या टॉवेलांपैकी एक त्यांच्या हातात दिला. "आता घडी घाला."

मास्तर घडी घालत होते तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी माणसाचा संदेश होता. बायकोने तो मोठ्याने वाचला.

"'सर, मी तुमच्या एका चित्राचा संग्राहक. शॉवरखाली रंग ओघळून गेला, ठिपका मात्र पक्का आहे. चित्र बदलून मिळेल का?'"

तिने फोन खाली ठेवला.

"लागली बघा रांग," ती म्हणाली, आणि दुसरा टॉवेल पुढे केला.