इंदूवैनींच्या प्रिंटरचं गाऱ्हाणं

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं मेडिकलचं दुकान आणि शेजारच्या गाळ्यात इंदूवैनींचं झेरॉक्सचं. मधे म्हणायला भिंत. भर गिऱ्हाइकात पलीकडून हाक यायची, “ओ मेडिकल! येवा हय! गाऱ्हाणा घालूचा आसा!”

गाऱ्हाणं कोणाला? देव रवळनाथाला. कशासाठी? तर प्रिंटरचा पार्ट बदलायचाय म्हणून! हसा, हसा. मीही पहिल्यांदा हसलो होतो. वैनी म्हणाल्या, “हसान झाला काय? आता हात जोडा.”

आता आमच्याकडे होडी पाण्यात लोटायची असो की नाटकाचा पडदा वर जायचा असो, आधी गावकार, म्हणजे गावचा मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा!” म्हणतात. ते ठीकच आहे. पण छपाई, झेरॉक्स, स्कॅन, फॅक्स असं सगळं एकाच पोटात घेऊन बसलेल्या लेझर प्रिंटरपुढे? तेही २००६ सालात? आणि तेही एका बाईनं?

वैनी हातातल्या बांगड्या काढून डब्यात ठेवायच्या, पदर खोचायच्या आणि खड्या आवाजात सुरू व्हायच्या.

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा! मशीन बंद केलेला आसा रे म्हाराजा?”

मी वाकून बटण बघायचं. न बघता बोललो तर पुन्हा पहिल्यापासून.

“व्हय म्हाराजा!”

“भिंतीतली वायर उपटून काढलेली आसा रे म्हाराजा?”

“व्हय म्हाराजा!”

“फ्यूजर थंड झालेलो आसा रे म्हाराजा?”

फ्यूजर म्हणजे कागदावर शाईची पूड वितळवून बसवणारा भाग. भाकरीच्या तव्यासारखा तापतो मेला. तो निवेपर्यंत अर्धा तास थांबायचं, मग तिकडे माझं गिऱ्हाईक खोकून खोकून बेजार होवो. वैनी तेवढ्यात पुढची तयारी करायच्या. हिरव्या ड्रमला बोट न लावता तो काळ्या फडक्यात गुंडाळायच्या, कारण त्याला उजेड सोसत नाही. “बाळंतीण आसा ती,” म्हणायच्या. सांडलेली पूड सुक्या फडक्यानं टिपायची, हात गार पाण्यानंच धुवायचे, आणि फुंकर तर मारायचीच नाही. मी एकदा मारली. त्या दिवशी मला ओळखीच्या गिऱ्हाइकांनी दशावतारातला काळाकुट्ट संकासुर म्हणून हाक मारली.

एकदा एका म्हाताऱ्या गावकारानं त्यांना हटकलं, “बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता.”

“बरा. मगे तुमी घाला,” वैनींनी स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला, “आणि मशीनय तुमीच खोला.”

गावकार झेरॉक्स न घेताच गेले.

कोल्हापूरचा मेकॅनिक फोंडाघाट उतरून कधी यायचा, तर त्याच्या मर्जीला येईल तेव्हा. एकदा आला आणि वायर न काढताच त्यानं आत हात घातला. वैनींनी टेबलावरची फूटपट्टी उचलून त्याच्या मनगटावर अशी हाणली की तो पिशवी घेऊन जो गेला तो आजतागायत आलेला नाही. तेव्हापासून पार्ट एस.टी.नं मागवायचे आणि स्वतः बसवायचे. काय बिशाद कोणाची मधे पडायची!

बिशाद होती फक्त मोहनभावजींची, म्हणजे वैनींच्या दिराची. गाळा त्यांच्या नावावर. मुंबईची नोकरी सोडून आलेले, आणि घाई इतकी की चपलेत पाय पुरता जायच्या आत चालायला लागायचे. त्यांना तिथं मोबाइलचं दुकान टाकायचं होतं.

“तुजा मशीन बंद पडला काय गाळ्याक माजा कुलूप,” ते म्हणायचे.

“पडूंदे तर खरा,” वैनी म्हणायच्या. नवऱ्यामागे त्या बाईला त्या दुकानाशिवाय दुसरं काही नव्हतं, पण बोलण्यात जराही काकुळती नाही.

आणि एका भाद्रपदात पडलं की हो बंद! फ्यूजर गेला. कागद बाहेर यायचा, पण बोट फिरवलं की अक्षरं पुसून जायची. भावजींनी सोमवारची संध्याकाळ ठरवून दिली. तोवर मशीन चाललं नाही तर कुलूप.

सोमवारी मी माल आणायला सावंतवाडीला गेलो होतो. दुपारी परतलो तर बाजार जेवून झोपलेला, सगळ्या फळ्या लावलेल्या. वैनींचा गाळा तेवढा उघडा. बाराच्या एस.टी.नं आलेला नवा फ्यूजर त्यांच्या मांडीवर, बांगड्या डब्यात, वायर काढून जमिनीवर. आणि समोर खुर्चीत भावजी, हातात हे एवढं कुलूप.

“तासान्तास नुसती बसली हा,” भावजी मला म्हणाले. “जमणा नाय तर सांग म्हणतंय.”

“अहो वैनी, सुरू करा ना!” मी ओरडलोच.

“व्हय म्हणणारो कोण नाय हा. ह्यांका इचारलंय, तर हे म्हणतत मशिनीक कित्याक व्हय म्हणू?”

“पण वायर तर काढलेली दिसतेय!”

“दिसता,” वैनी म्हणाल्या. “दिसण्यार जाव नये, मेडिकल.”

 मग त्या दिराकडे वळल्या.

“लोकांनी तुमका काय सांगल्यानी? पंपाचो शॉक लागान भाऊस गेलो. इतक्याच ना? मगे आज ऐका. ते बावीच्या काठार पंप खोलूक बसले. माका सांगल्यानी, घरातला बटण बंद कर. मी निघालंय. बावीरसून हाक मारल्यानी, ‘बंद केलंस गो?’ मी अजून बटणापर्यंत पोचूकय नाय हुतंय. त्यांनी इचारल्यानी, पण उत्तराक थांबूक नाय. हात घातल्यानी.” वैनींचा आवाज एकदाच फाटला. “तुमच्या घराण्यात सगळ्यांकच घाई, भावजी. मी थांबतलंय. कुलूप लावूचा तर लावा. पण कोणी बघून व्हय म्हणल्याशिवाय मी हात घालूचंय नाय.”

मला रडू आलं, सरळ सांगतो.  मग मी आपलं माझं नेहमीचं काम केलं, चपला काढून हात जोडले. वैनींनीही डोळे पुसले आणि सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! मशीन बंद केलेला आसा रे म्हाराजा?”

मी बटण बघितलं. “व्हय म्हाराजा!”

“भिंतीतली वायर उपटून काढलेली आसा रे म्हाराजा?”

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागे खुर्ची सरकली. भावजींनी कुलूप टेबलावर ठेवलं, गुडघ्यावर बसले आणि जमिनीवरची वायर उचलून तिचं टोक डोळ्यांजवळ धरलं. सॉकेट बघितलं. पुन्हा वायर बघितली. 

“व्हय म्हाराजा,” ते म्हणाले.

“फ्यूजर थंड झालेलो आसा रे म्हाराजा?”

तासन् तास बंद पडलेलं मशीन. त्यात तापलेलं काय असणार? मी ‘व्हय’ म्हणून मोकळा होणार होतो. पण भावजींनी मला हातानंच अडवलं.

“थांब वैनी,” ते म्हणाले. “माका आधी बघूंदे.”